तालुका वाचनालयाची शोधसूची : प्रकल्प नोंदी

शनिवार, ७ जून २०२५

आज सुरुवात. ग्रंथपाल बाईंनी टेबलावर आधी दाखल नोंदवह्या मांडल्या, संगणक नंतर सुरू केला. जाड कापडी बांधणीच्या वह्या, पहिल्या पानांवरची शाई तांबूस झालेली. दाखल क्रमांक, तारीख, ग्रंथाचं नाव, लेखक, प्रकाशक, प्रकाशनाचं साल, पृष्ठं, किंमत, शेरा. नीट आखलेल्या रकान्यांचा हा डेटाबेसच आहे. कुठे चूक झाली असेल तर दुरुस्ती लाल शाईने शेऱ्यात लिहिली आहे, आणि मूळ ओळ आजही वाचता येते. हा रिवाज मला फार आवडला. आपली प्रणालीही असंच वागली पाहिजे, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

हवं काय आहे, ते बाईंनी एका वाक्यात सांगितलं: "गावाबाहेरून माणूस बसने येतो, आणि पुस्तक नाही म्हणून परत जातो. त्याला घरीच कळायला हवं." म्हणजे मोबाइलवर नाव किंवा लेखक टाकायचा, पुस्तक आहे की नाही आणि कोणत्या कपाटात आहे ते दिसायला हवं. बस. देवघेव वहीतच राहील. सभासदांची नावं, कोण काय वाचतो हे यात अजिबात आणायचं नाही. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नसता तरी माझं मत हेच असतं: जी माहिती शोधाला लागत नाही ती सर्व्हरवर ठेवूच नये.

साधनं ठरली: पायथन ही भाषा, तिच्यात संकेतस्थळ उभारायला जँगो, माहिती साठवायला पोस्टग्रेस हा डेटाबेस. पान सर्व्हरवरच तयार करून साधं एचटीएमएल पाठवायचं. येणाऱ्या बऱ्याच वाचकांकडे जुने फोन आहेत. एका शोधखिडकीसाठी त्यांच्यावर मोठं जावास्क्रिप्ट लादायला मी तयार नाही.

रविवार, ८ जून

सूची संगणकावर आधीच आहे, पण दोन तऱ्हांची. अलीकडची काही वर्षं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेतांक देणाऱ्या पद्धतीत. त्याआधीचा मोठा भाग एका एक्सेल फाइलमध्ये, कृतीदेव घराण्यातल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. फाइल त्यांच्या संगणकावर उघडली की सुंदर मराठी, माझ्या लॅपटॉपवर रोमन अक्षरांची रांग. "मराठी" हा शब्द त्या फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच अशा पाच रोमन अक्षरांनी साठवलेला आहे. फॉन्ट त्या अक्षरांच्या जागी म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी यांची चित्रं काढतो, एवढंच. संगणकाच्या लेखी तिथे मराठी नाहीच, म्हणून शोधताही येत नाही. त्या काळात दुसरा मार्ग नव्हता, आणि टाइप करणाऱ्याने हजारो ओळी जिवापाड मेहनतीने भरल्या आहेत. ती मेहनत वाया जाऊ द्यायची नाही.

दोन्ही फाइली जशाच्या तशा एका कच्च्या तक्त्यात भरल्या. प्रत्येक रकाना मजकूर म्हणून, सोबत फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक. या तक्त्यात पुढे कधीही काही बदलायचं नाही. स्वच्छ तक्ता त्यातून दरवेळी नव्याने तयार होईल.

पांडासने (तक्ते वाचणारं पायथनचं पॅकेज) एक्सेल वाचताना पहिल्या फेरीत दाखल क्रमांक १२०४ चा "१२०४.०" केला, कारण रकान्यात मधूनमधून रिकाम्या जागा होत्या आणि त्याने सगळा रकाना अपूर्णांकी धरला. सगळे रकाने मजकूर म्हणूनच वाच, असं स्पष्ट सांगितल्यावर नीट झालं. दाखल क्रमांक हा आकडा नाहीच, ते नाव आहे. वहीत "१२०४ अ" सुद्धा आहे, एकच क्रमांक चुकून दोनदा दिला गेला तेव्हाचा.

शनिवार, १४ जून

फॉन्ट बदलणारा भाग लिहिला. नुसती अक्षरांमागे अक्षरं ठेवणारी सारणी पुरत नाही. जुना फॉन्ट डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने साठवतो, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, ती व्यंजनानंतर न्यावी लागते. नुसती एका अक्षरापलीकडे नेऊनही भागत नाही: "स्थिती"मध्ये तिला अर्धा स आणि थ दोन्ही ओलांडायचे असतात. रफाराचं याच्या उलट. "धर्म"मध्ये तो म नंतर टाइप होतो, पण युनिकोडमध्ये र आणि हलन्त म च्या आधी हवेत. "कीर्ती"त तर त्याला मागे येताना दीर्घ वेलांटी आणि त अशा दोन पायऱ्या उतराव्या लागतात.

हे डोक्यात धरून लिहिलं असतं तर भरकटलो असतो. म्हणून आधी टेस्ट, म्हणजे कोडचं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहणारी तपासणी. बाईंनी फाइलच्या वेगवेगळ्या भागांतून दोनशे ओळी निवडल्या, वही समोर ठेवून त्या युनिकोडमध्ये हाताने टाइप करून दिल्या. त्यांनी मुद्दाम अवघड ओळी निवडल्या: जोडाक्षरं, संस्कृत नावं, इंग्रजी आडनावं. या दोनशे ओळी आता कोडचे बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये आहेत, आणि कोडला हात लावला की सगळ्या तपासल्या जातात. सकाळी त्यांतल्या निम्म्याही जुळत नव्हत्या, संध्याकाळी सहा उरल्या.

सारणीत नसलेलं चिन्ह आलं तर अंदाज बांधायचा नाही. ती ओळ "तपासणीसाठी" म्हणून बाजूला पडते आणि मूळ चिन्हं तशीच दिसतात. बाई वहीत पाहून सांगतील. त्यासाठी दुरुस्त्यांचा वेगळा तक्ता केला: दाखल क्रमांक, कोणता रकाना, जुनं काय, नवं काय, कोणी, कधी, कशावरून. स्वच्छ तक्ता बनवताना कच्चा मजकूर आणि त्यावर या दुरुस्त्या. लाल शाईचा रकानाच आहे हा.

रविवार, १५ जून

सालांचा घोळ. बऱ्याच जुन्या पुस्तकांचं साल १८४५, १८५२ असं आहे, आणि प्रकाशक मात्र विसाव्या शतकातले. बाईंनी पाहताक्षणी सांगितलं, "शके आहे ते." शके १८४५ म्हणजे ७८ मिळवून इसवी सन १९२३. पण वर्ष चैत्रात बदलतं, त्यामुळे जानेवारी ते मार्चमध्ये छापलेल्या पुस्तकाला ७९ मिळवावे लागतात, आणि महिना वहीत नाही. तेव्हा शके की इसवी हा वेगळा रकाना ठेवला, साल जसं छापलंय तसं ठेवलं, आणि इसवी सन "१९२३-२४" असं दाखवायचं ठरवलं. संगणकाला एकच आकडा सोपा पडला असता, पण तो खोटा ठरला असता.

खरं १८४५ इसवी साल असलेलं पुस्तक कुठे असेल का? मी नियम लावू पाहत होतो. बाई म्हणाल्या, कपाटात जाऊन बघू. तीन पुस्तकं काढून मुखपृष्ठाच्या मागची पानं पाहिली, तिन्ही शके. उरलेली यादी त्या आठवडाभरात बघणार आहेत.

आकड्यांबद्दल एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण नवा सहकारी यावर अडेल. पायथनचं आकडा करणारं फंक्शन देवनागरी "१९२३" बिनतक्रार समजतं. पोस्टग्रेस समजत नाही, ब्राउझरमधलं जावास्क्रिप्टही नाही. म्हणून देवनागरी अंक आत येताना एकाच ठिकाणी बदलतो, आणि दाखवताना परत देवनागरी करतो.

शनिवार, २१ जून

कॉलेजातला एक विद्यार्थी मदतीला आला आहे. त्याने पुस्तकांच्या पानांचे पत्ते करायला घेतले: नावावरून पत्ता बनवणाऱ्या जँगोच्या स्लगिफायला युनिकोड चालवून घे म्हणून सांगितलं. त्याने पाठवलेला बदल (पुल रिक्वेस्ट) उघडून पाहतो तर "मराठी"चं "मरठ" झालेलं. काना नाही, वेलांटी नाही.

दोघांनी मिळून तळापर्यंत जाऊन पाहिलं. स्लगिफाय आतून पायथनच्या रेगेक्समधलं (मजकुरातले नमुने शोधण्याच्या भाषेतलं) "शब्दातलं अक्षर" हे चिन्ह वापरतं, आणि पायथन त्यात अक्षरं, अंक आणि अधोरेषा एवढेच धरतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे युनिकोडच्या वर्गवारीत "जोडचिन्ह" आहेत, अक्षर नव्हेत, म्हणून ते शब्दाबाहेर पडतात. त्याच चिन्हाने शब्द तोडायला गेलं तर "मराठी"चे "मर" आणि "ठ" असे दोन तुकडे होतात. इंग्रजीत ही चूक कधीच दिसत नाही, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षं टिकते. जो कोणी मराठी मजकुरावर पायथन चालवतो त्याने हे पहिल्या दिवशी पाहून घ्यावं. बाहेरचं "रेगेक्स" नावाचं वेगळं पॅकेज जोडचिन्हंही शब्दात धरतं, आम्ही ते घेतलं. आणि पानाचे पत्ते दाखल क्रमांकावरच ठेवले. पुस्तकाचं नाव दुरुस्त झालं तरी पत्ता बदलू नये.

त्याच कुळातली दुसरी चूक माझी होती. यादीत लांब नावं चाळीस चिन्हांवर कापत होतो. "क्षितिज" आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पायथन सात मोजतो: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. कापताना एका नावाच्या शेवटी पाय मोडलेला क लोंबकळत राहिला. कापणंच काढून टाकलं. जागा पुरली नाही तर टिंबं देण्याचं काम पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसचं, त्याला अक्षर कुठे संपतं ते कळतं.

शनिवार, २८ जून

या प्रकल्पातला सगळ्यात अवघड भाग हा, आणि सगळ्यात मराठीही हाच.

शोधखिडकीत मी "कवी" टाकलं आणि पन्नास वर्षांपूर्वीची सगळी पुस्तकं गायब. कारण त्यांच्यावर "कवि" छापलं आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने मान्य केले, तेव्हापासून शेवटचा इकार-उकार दीर्घ आणि न उच्चारला जाणारा अनुस्वार रद्द. म्हणून आमच्या कपाटात एका बाजूला "पद्धति", "कृति", "नाहीं", "कांहीं", आणि दुसऱ्या बाजूला "पद्धती", "कृती", "नाही", "काही". दोन्ही आपापल्या काळात बरोबर. मुखपृष्ठावर जे छापलं आहे ते बदलण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, आणि आजच्या वाचकाने जुनं शुद्धलेखन आठवून टाइप करावं ही अपेक्षाही बरोबर नाही.

म्हणून प्रत्येक नावाशेजारी एक "शोधरूप" ठेवायचं. दाखवायचं मूळ, जुळवायचं शोधरूप. वाचकाने टाइप केलेल्या शब्दालाही त्याच गाळणीतून न्यायचं.

गाळणीत काय काय? "निबन्ध" आणि "निबंध", "मुम्बई" आणि "मुंबई": त्या त्या वर्गाच्या व्यंजनाआधीच्या परसवर्णाचा (अर्ध्या न, म यांसारख्या अनुनासिकाचा) अनुस्वार करायचा. शब्दाच्या शेवटचा अनुस्वार काढायचा. "अॅ" तीन प्रकारे लिहिलेला सापडतो: २००८ साली युनिकोडमध्ये आलेलं स्वतंत्र अक्षर, अ आणि चंद्र असे दोन तुकडे, आणि हिंदी कळफलकावरचा ऍ. डोळ्यांना जवळपास सारखे, संगणकाला तिन्ही वेगळे, आणि युनिकोडचं स्वतःचं सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. "बँक"चंही तसंच: कुठे चंद्रबिंदू एक चिन्ह, कुठे चंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे.

मधला अनुस्वार मात्र सरसकट काढायचा नाही. तो मोह मला झाला होता, कारण "कांहीं" एका ओळीत सुटलं असतं. पण मग "चिंता" आणि "चिता" एक होतात. तेव्हा "कांही", "कांच", "पांच" अशा शब्दांची यादी बाई करून देत आहेत.

ह्रस्व-दीर्घाचा असाच प्रश्न. "दिन" आणि "दीन" एक करणं मनाला पटत नाही, न करावं तर "कवि" सापडत नाही. उपाय असा केला: दोन पातळ्या. पहिल्या पातळीत फक्त शब्दाच्या शेवटचा इकार-उकार एक धरायचा, नियमांनी मुख्यतः बदलला तो तेवढाच. दुसऱ्या पातळीत सगळे ह्रस्व-दीर्घ एक, पण ते निकाल खाली, "जवळपासची नावं" म्हणून.

आता कोडचं. आधी हे पायथनमध्ये, पुस्तक साठवताना चालणाऱ्या सेव्हमध्ये लिहिलं होतं. एकेक पुस्तक भरलं की छान. सगळी सूची एकदम भरली तेव्हा शोधरूपाचा रकाना सगळा रिकामा, कारण जँगोचं घाऊक भरणं सेव्हला हाकच मारत नाही. डेटाबद्दलचा नियम डेटाबेसमध्येच असावा, हे माझं मत यानंतर पक्कं झालं. पोस्टग्रेसमध्ये फंक्शन लिहिलं आणि त्यावर आपोआप भरणारा रकाना केला. पोस्टग्रेस १२ पासून अशी सोय आहे, १३ पासून युनिकोडचं सामान्यीकरणही तिथेच होतं, आणि जँगो ५.० पासून असा रकाना मॉडेलमध्येही (तक्त्याच्या पायथनमधल्या वर्णनातही) सांगता येतो. फंक्शनचं नाव देवनागरीत "शोधरूप"च ठेवलं, आतल्या मदतनीस फंक्शनचं "परसवर्ण". पोस्टग्रेसला चालतं. नाव ६३ बाइटांत बसावं लागतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे एकवीस चिन्हं. पुरतात.

रविवार, २९ जून

"दऱ्या" आणि "दर्या". काल रात्री हेच डोक्यात घोळत होतं. "दऱ्या"तला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्तेवाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य चिन्ह. दिसायला तंतोतंत सारखे. मी कालच्या गाळणीत सगळी अदृश्य चिन्हं पुसून टाकत होतो, त्यामुळे दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या डोंगरातल्या दऱ्यांचा थेट समुद्र होत होता. आचाऱ्यांचे आचार्य होत होते. आता आधी त्या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवतो, उरलेली अदृश्य चिन्हं मग पुसतो.

दुपारी हायपोथेसिस लावलं. हे साधन टेस्टसाठी उदाहरणं आपण द्यायची वाट पाहत नाही, आपण फक्त गुणधर्म सांगायचा. मी सांगितला: गाळणीतून दोनदा नेलं तरी एकदा नेल्यासारखंच उत्तर यावं. देवनागरी चिन्हांच्या वाटेल तशा माळा ओवून त्याने काही सेकंदांत दोन अपवाद काढून दिले. पहिला: र, अदृश्य चिन्ह, नुक्ता. मी सामान्यीकरण आधी आणि पुसणं नंतर करत होतो, त्यामुळे पहिल्या फेरीत र आणि नुक्ता सुटे राहात आणि दुसऱ्या फेरीत जुळून ऱ होत. क्रम उलटा केला. दुसरा: शब्दाच्या शेवटी दोन अनुस्वार. एक काढला की दुसरा शेवटचा ठरतो. असं कोण लिहील असं वाटलं, म्हणून जुन्या फाइलमध्ये शोधलं. अकरा ठिकाणी होतं. फॉन्टमध्ये अनुस्वारावर अनुस्वार बसला की एकच दिसतो.

शनिवार, ५ जुलै

थोडंच काम. लेखकांची यादी अकारविल्हे लावली. संकेतांकांच्या क्रमाने लावली तर ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, मराठी वर्णमालेत तो ह च्या नंतर. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या भाषावार नियमांच्या संचाचा मराठी क्रम निवडला आणि यादी नीट लागली. प्रचालन प्रणालीच्या क्रमावर विसंबायचं नाही याला दुसरंही कारण आहे: २०१८ मध्ये लिनक्सच्या मूळ संचातल्या ग्लिबसी २.२८ ने क्रमाचे नियम बदलले आणि सर्व्हर अद्ययावत केल्यावर जुने इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूच्या) चुकीचे ठरण्याची वेळ अनेकांवर आली.

उद्या आषाढी. वाचनालय बंद.

शनिवार, १२ जुलै

चुकलेल्या शब्दांसाठी "तुम्हाला हे म्हणायचं होतं का" अशी सूचना द्यायची आहे. पोस्टग्रेसचं तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडून साम्य मोजणारं एक्स्टेन्शन लावलं. विद्यार्थ्याच्या संगणकावर चाललं, सर्व्हरवर प्रत्येक मराठी शब्दाचे शून्य तुकडे. कारण सर्व्हरवरचा डेटाबेस "सी" लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषेनुसार अक्षरांचे नियम) बनवला होता, आणि त्या लोकेलला इंग्रजीबाहेरचं एकही अक्षर अक्षर वाटत नाही, म्हणून एक्स्टेन्शन सगळं गाळून टाकतं. डेटाबेस योग्य लोकेल देऊन नव्याने केला. कच्च्या तक्त्यापासून सगळं पुन्हा उभं करायला एक आज्ञा पुरली, तेव्हा जूनमधल्या मेहनतीचं समाधान वाटलं.

आमच्या टेस्ट एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालत असत्या तर हे काहीच कळलं नसतं. कोड ठेवला आहे त्या गिटहबवर प्रत्येक बदलामागे खरा पोस्टग्रेस उभा राहतो, आणि आता त्याचं लोकेलही सर्व्हरसारखंच आहे.

यादीचं पान हळू होतं. मोजून पाहिलं तर एका पानाला १०२ क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न: एकूण किती ते विचारणारी एक, पन्नास पुस्तकांची एक, आणि मग प्रत्येक पुस्तकामागे लेखकांसाठी एक व प्रकाशकासाठी एक. प्रकाशक जोडून आणला, लेखक एका फटक्यात आणले, तीन उरल्या. "तीनच" अशी टेस्टही लिहिली. विद्यार्थी शोधरूपावर इंडेक्स घालूया म्हणत होता. त्याला क्वेरीची योजना छापून वाचायला सांगितली. एवढ्या पुस्तकांना सगळा तक्ता चाळूनही काही मिलिसेकंदच लागतात. त्यानेच इंडेक्सची ब्रांच (कोडची बाजूची प्रत) मिटवली.

शनिवार, १९ जुलै

वाचकांसमोर पहिल्यांदा ठेवलं. वर्तमानपत्रांच्या टेबलावरचे एक निवृत्त मास्तर बसले. त्यांनी टाइप केलंच नाही, फोनच्या माइकला बोलून विचारलं. फोनने लेखकाचं आडनाव आधी, मग नाव, मध्ये "यांचं", शेवटी "पुस्तक" असं पूर्ण वाक्य खिडकीत टाकलं. शून्य निकाल. मी सगळे शब्द एकाच रकान्यात सलग शोधत होतो. आता शब्द सुटे करून नाव आणि लेखक दोन्हींत पाहतो, आणि "यांचं", "चे", "पुस्तक", "ग्रंथ" असे शब्द सोडून देतो.

एका बाईंनी रोमन लिपीत विचारलं. ते या फेरीत जमणार नाही. पानावर तसं स्पष्ट लिहिलं.

ज्या शोधाला काहीच सापडत नाही त्याचे फक्त शब्द आणि तारीख साठवायची. कोणी शोधलं ते नाही. दर शनिवारी ती यादी बाईंबरोबर वाचायची.

शनिवार, २६ जुलै

रोज रात्री बॅकअप निघतो आहे. पण परत भरून न पाहिलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही. आज रिकाम्या यंत्रावर भरून पाहिला आणि पुस्तकांचा तक्ताच भरेना. "परसवर्ण" नावाचं फंक्शन अस्तित्वात नाही, असं सांगत होता. फंक्शन डोळ्यांसमोर होतं.

दीड तास गेला. आपोआप भरणाऱ्या रकान्याचा मजकूर बॅकअपमध्ये जात नाही, भरताना तो नव्याने काढला जातो. आणि २०१८ मधल्या सुरक्षेच्या दुरुस्तीनंतर पोस्टग्रेसचा बॅकअप भरताना शोधमार्ग (नुसतं नाव दिलं तर ते कुठे शोधायचं याची यादी) मुद्दाम रिकामा ठेवतो, कोणी दुसऱ्याच नावाचं फंक्शन आत घुसवू नये म्हणून. "शोधरूप"च्या आत मी "परसवर्ण"ला नुसत्या नावाने हाक मारली होती, कोणत्या स्कीमातलं (डेटाबेसच्या कप्प्यातलं) ते न सांगता. रोजच्या कामात ते सापडतं, भरताना नाही. पूर्ण नाव लिहिलं, तक्ता भरला. ओळींची संख्या जुळली, आणि बाईंच्या दोनशे ओळी तिथेही तपासून पाहिल्या.

हे सर्व्हर बंद पडल्यावर कळलं असतं तर? कच्चा तक्ता वाचला असता, दुरुस्त्याही. पण पुस्तकांचा तक्ता कशामुळे भरत नाही हे घाईच्या वेळी शोधावं लागलं असतं. आता महिन्यातून एकदा हा सराव आपोआप होईल, आणि फसला तर मला आणि विद्यार्थ्याला दोघांना मेल येईल.

शनिवार, २ ऑगस्ट

बाईंची "कांही, कांच, पांच" यादी आली, ऐंशीच्या वर शब्द, सुवाच्य अक्षरात, वहीच्या पाठकोऱ्या पानांवर. फंक्शनमध्ये घातली, टेस्ट पास, सर्व्हरवर चढवलं, आणि "काच" शोधल्यावर "कांच" सापडेना. फंक्शन बदललं तरी आधीच साठवलेली शोधरूपं पोस्टग्रेस स्वतःहून पुन्हा काढत नाही. टेस्टमध्ये दरवेळी नवा डेटाबेस असतो, म्हणून तिथे दिसलं नाही. मायग्रेशनमध्ये (डेटाबेस बदलणाऱ्या आज्ञांच्या फाइलमध्ये) फंक्शनच्या मागोमाग प्रत्येक ओळीचं नाव त्याच नावाने पुन्हा लिहिणारी ओळ घातली, त्याने रकाना ताजा होतो. आणि जुन्या ओळीवर नवं फंक्शन चालवून साठवलेल्या रूपाशी ताडून पाहणारी तपासणी रोजच्या कामात टाकली.

वार्षिक अहवालासाठी बाईंना यादी एक्सेलमध्ये हवी होती. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली फाइल) उघडल्यावर मराठीची खिचडी. फाइलच्या सुरुवातीला युनिकोड साठवण्याच्या युटीएफ-८ पद्धतीची खूण घातली, नीट उघडली.

मंगळवार, १२ ऑगस्ट

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिन, राष्ट्रीय ग्रंथपाल दिन. बाईंनी आजचाच दिवस धरला होता. सकाळी दहाला पत्ता फलकावर लावला.

दुपारपर्यंत शून्य निकालांच्या यादीत एकोणीस शब्द. त्यातली सात पुस्तकं खरंच नाहीत. ती नावं बाईंनी खरेदीच्या यादीत उतरवली. चार रोमन लिपीतले. पाच टायपिंगच्या चुका, त्यांतल्या तिघांना सूचना बरोबर मिळाली होती. उरलेले तीन माझ्याकडे, शनिवारी बघतो: तिन्हींत मधला अनुस्वार आहे आणि ते शब्द बाईंच्या यादीत नाहीत.

साडेचारच्या सुमारास बाहेरगावाहून एका वाचकाचा वाचनालयात फोन आला. त्यांच्या आजोबांनी भेट दिलेलं पुस्तक सूचीत सापडलं, पण लेखकाच्या रकान्यात अनुवादकाचं नाव आहे, असं म्हणाले. बाईंनी नोंदवही काढली. तिथेही अनुवादकाचंच नाव. मग पुस्तक काढलं, पहिलं पान वाचलं, लाल पेन घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात मूळ लेखकाचं नाव लिहून आजची तारीख घातली. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "आता तुझ्या वहीत लिही." दुरुस्त्यांच्या तक्त्यात ओळ भरली. "कशावरून" या रकान्यात: पुस्तकाचं पहिलं पान, ग्रंथपालांनी पाहिलं.